अर्धांगवायूनंतर पुन्हा पायावर उभे राहताना

आपल्या सातारा-सांगली भागात या आजाराला अनेक नावे आहेत. कुणी म्हणते अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणते लकवा मारला, तर कुणी नुसतेच म्हणते की माणसाची एक बाजू गेली. डॉक्टर त्याला पक्षाघात किंवा स्ट्रोक म्हणतात. नाव कोणतेही असो, घराची घडी एका सकाळीत विस्कटते. कालपर्यंत उसाच्या फडात, गवंडीकामावर, शाळेत किंवा कचेरीत जाणारा माणूस आज कूस बदलायलाही दुसऱ्याच्या हाताची वाट पाहू लागतो. पंचवीस वर्षांवरील दर चार माणसांपैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी पक्षाघात होण्याचा धोका असतो, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासातून पुढे आला आहे. म्हणजे हा आजार परक्याच्या घरचा राहिलेला नाही.

दवाखान्यातले दिवस कसेबसे पार पडतात. सलाईन, इंजेक्शने, तपासण्या यांची जबाबदारी डॉक्टरांवर असते. खरी परीक्षा सुरू होते ती रुग्ण घरी आल्यावर. घरी आल्यावर काय करायचे हे बहुतेकांना नीटसे सांगितलेले नसते, किंवा सांगितले तरी त्या धावपळीत लक्षात राहत नाही. मग जो तो आपापल्या परीने सल्ला देतो. कुणी म्हणते पडून राहू द्या, ताकद आपोआप येईल. कुणी म्हणते दोघांनी बखोटीला धरून चालवा. या दोन्ही सल्ल्यांनी नुकसान होते, आणि ज्या दोन-तीन महिन्यांत सर्वांत जास्त सुधारणा व्हायची तेच महिने वाया जातात. म्हणून पक्षाघातानंतर चालणे कसे परत येते, त्यासाठी काय करावे आणि काय टाळावे, याची साध्या भाषेत माहिती देण्याचा हा प्रयत्न आहे.

मेंदूत नेमके काय होते?

मेंदूला अखंड रक्तपुरवठा लागतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर पुढच्या भागाचे रक्त बंद होते. रक्तवाहिनी फुटली तर रक्त मेंदूत साठते. दोन्ही प्रकारांत त्या भागातील पेशी मरतात. मेंदूच्या डाव्या भागाचा ताबा शरीराच्या उजव्या बाजूवर आणि उजव्या भागाचा डाव्या बाजूवर असतो. म्हणून मेंदूच्या एका बाजूस इजा झाली की शरीराची विरुद्ध बाजू लुळी पडते. पाय जागच्या जागी असतो, त्याचे हाड मोडलेले नसते, स्नायू तुटलेला नसतो. पायाला हुकूम देणारी जागा बिघडलेली असते. हा मुद्दा नीट समजला तर पुढचे सर्व समजेल.

मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. मग सुधारणा होते कशी? एक तर इजा झालेल्या भागाभोवतीची सूज उतरते आणि तेथील थकलेल्या पेशी कामाला लागतात. दुसरे म्हणजे मेंदूचे शेजारचे भाग हळूहळू ते काम उचलतात. शेताचा मुख्य पाट फुटला तर शेतकरी शेजारच्या चारीतून पाणी फिरवतो. पहिल्या दिवशी ते पाणी इकडेतिकडे पसरते, पोहोचते थोडेच. रोज त्याच वाटेने पाणी सोडले की वाट रुळते आणि पाणी शेंड्यापर्यंत जाते. मेंदूतही तसेच आहे. तीच हालचाल, बरोबर पद्धतीने, पुन्हा पुन्हा केली तरच नवी वाट रुळते. म्हणूनच चालण्याची ताकद गोळीने येत नाही. गोळ्या दुसरा झटका टाळण्यासाठी असतात आणि त्या कधीही बंद करू नयेत. परंतु चालणे हे लहान मुलाप्रमाणे नव्याने शिकावे लागते.

पहिले तास सर्वांत मोलाचे

पुनर्वसनाचा विचार करताना सुरुवात येथूनच केली पाहिजे, कारण मेंदू जितका वाचेल तितके पुढचे काम सोपे. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी वेळ पाहून ठेवावी आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. जत, आटपाडी किंवा पाटण, जावळीच्या दुर्गम वाडीवरून स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात पोहोचायलाच बराच वेळ लागतो. म्हणून आधी गावातल्या जाणत्याकडे, मग देवऋषाकडे आणि शेवटी दवाखान्यात, हा क्रम परवडणारा नाही. अशा वेळी रुग्णाच्या तोंडात पाणी, चहा किंवा कसलेही औषध घालू नये. गिळण्याचे स्नायू कमजोर झालेले असतील तर ते श्वासनलिकेत जाते.

किती लवकर उठवावे?

पूर्वी अशा रुग्णाला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. त्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरांत गुठळ्या होतात आणि स्नायू आखडतात. म्हणून लवकर उठवणे चांगले, असा विचार पुढे आला. पण लवकर म्हणजे किती लवकर? याचे उत्तर शोधण्यासाठी पाच देशांत २१०४ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार आणि जास्त वेळ उठवले, तर फायदा होण्याऐवजी परिणाम थोडा वाईटच आला. त्याच माहितीचा पुढे अधिक बारकाईने अभ्यास केला तेव्हा थोडा-थोडा वेळ, पण अनेकदा उठवलेल्यांची प्रगती बरी दिसली.

यातून घरच्यांनी घ्यायचा बोध असा की, पहिल्या दिवशी घाई नको आणि त्यानंतर आळस नको. केव्हा बसवायचे हे डॉक्टरांना विचारावे. त्यांनी परवानगी दिली की दिवसातून एकदाच तासभर बसवण्यापेक्षा पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटे बसवावे. झोपलेला असताना दर दोन तासांनी कूस बदलावी. लुळा हात उशीवर ठेवावा, लोंबकळू देऊ नये.

चाल का बदलते?

पक्षाघातानंतर माणूस चालू लागला तरी त्याची चाल ओळखू येते. त्यामागची कारणे समजून घेतली तर उपाय कळतात.

पहिली गोष्ट पावलाची. पाऊल वर उचलणारे स्नायू कमजोर झाल्याने पाऊल खाली लोंबते आणि बोटे जमिनीला घासतात. ती अडकू नयेत म्हणून रुग्ण कंबर वर खेचतो आणि पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे टाकतो. विळ्याने गवत कापल्यासारखी ही चाल दिसते. दुसरी गोष्ट गुडघ्याची. मांडीच्या स्नायूंवर ताबा नसल्याने गुडघा एक तर अचानक वाकतो आणि माणूस पडतो, नाही तर मागच्या बाजूला ताठ जाऊन अडकतो. तिसरी गोष्ट भाराची. कमजोर पायावर विश्वास नसल्याने रुग्ण सगळा भार चांगल्या पायावर टाकतो. चौथी गोष्ट ताठरपणाची. काही आठवड्यांनी लुळे स्नायू ताठ होऊ लागतात, पोटरी आखडते, टाच टेकत नाही. पाचवी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. काही रुग्णांना, विशेषतः मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्यांना, आपल्या डाव्या बाजूचे भानच राहत नाही. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. अशा रुग्णाला हट्टी किंवा वेडा म्हणू नये. त्याच्याशी बोलताना त्या बाजूला बसावे आणि तिकडे मान वळवण्याची सवय लावावी.

पायरी पायरीने

चालण्याआधी बसता आले पाहिजे, आणि उभे राहण्याआधी बसल्या जागी तोल सावरता आला पाहिजे. ही पायरी चुकवून थेट चालवू नये. खालील क्रम फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून आणि आपल्या रुग्णाला काय योग्य ते विचारून घ्यावा.

एक : पाठीवर झोपून दोन्ही गुडघे उभे करावेत आणि कंबर वर उचलून धरावी. कमजोर पाय घसरत असेल तर घरच्याने पाऊल दाबून धरावे. उभे राहण्याची ताकद येथून तयार होते.

दोन : खाटेच्या कडेला, दोन्ही पावले जमिनीला टेकवून, विनाआधार बसावे. मग दोन्ही बाजूंना हात लांबवून पेला किंवा रुमाल घ्यावा. यामुळे तोल सुधारतो.

तीन : खुर्चीवरून उठणे आणि बसणे. हा सर्वांत उपयोगी व्यायाम आहे. पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यावीत, दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा, छाती पुढे झुकवावी आणि मग उठावे. सुरुवातीला उंच खुर्ची घ्यावी, जमू लागले की कमी उंचीची. पाच वेळा जमत असेल तर पाच, मग दहा, असे दिवसातून तीन-चारदा करावे.

चार : भिंतीजवळ किंवा स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभे राहावे आणि भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यावा. मग चांगला पाय उचलून समोर ठेवलेल्या पाटावर ठेवावा. चांगला पाय वर गेला की भार आपोआप कमजोर पायावर येतो आणि त्याला काम करावेच लागते.

पाच : ओट्याच्या कडेने आडवे चालणे, मग पुढे चालणे, मग वळणे. वळताना पडण्याची भीती सर्वांत जास्त, म्हणून लहान-लहान पावलांनी वळावे.

सहा : घरातली फरशी जमली की अंगण, मग कच्चा रस्ता, मग चढ-उतार. पुढे चालताना बोलणे, हातात हलकी वस्तू नेणे असे सराव करावेत, कारण बाजारात चालताना लक्ष फक्त पावलांवर ठेवून चालत नाही.

छातीत दुखणे, धाप, चक्कर किंवा घाम आल्यास ताबडतोब थांबावे. व्यायाम सुरू करण्यापूर्वी रक्तदाब तपासून घेण्याची सवय ठेवावी.

आधार कसा द्यावा?

घरचे लोक मायेने रुग्णाचा लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून त्याला ओढून उठवतात. खांद्याभोवतीचे स्नायू कमजोर झालेले असल्याने त्या ओढीने खांद्याचा सांधा खाली निसटतो आणि पुढे महिनोन् महिने दुखत राहतो. दुखऱ्या खांद्यामुळे व्यायाम बंद पडतो. म्हणून लुळा हात कधीही ओढू नये. रुग्णाच्या कमरेला रुंद, मजबूत पट्टा बांधावा आणि कमजोर बाजूला, अर्धे पाऊल मागे उभे राहून तो पट्टा धरावा. दोघांनी दोन बाजूंनी लटकवून नेले तर रुग्णाचे पाय फरफटतात, शिकत काहीच नाहीत.

काठी नेहमी चांगल्या हातात धरावी. पुष्कळ जण कमजोर बाजूला काठी देतात, ते चूक आहे. काठीची उंची उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीइतकी असावी, म्हणजे कोपर किंचित वाकलेला राहतो. क्रम असा : आधी काठी, मग कमजोर पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा. उतरताना कमजोर पाय आधी खाली टाकावा. तोल अधिक जात असेल तर चार पायांची काठी घ्यावी. पाऊल फारच लोंबत असेल तर घोट्याला धरून ठेवणारा प्लास्टिकचा स्प्लिंट मिळतो. तो मापाने करून घेतला तर बोटे घासत नाहीत आणि चाल पुष्कळ सुधारते. मोकळी चप्पल घालून चालवू नये, मागे पट्टा असलेली पादत्राणे घालावीत.

किती दिवस? किती वेळ?

हा प्रश्न प्रत्येक घरी विचारला जातो. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात ८०४ रुग्णांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला निम्म्याहून किंचित जास्त रुग्णांना मुळीच चालता येत नव्हते. उपचार आणि पुनर्वसन संपले तेव्हा एकूण रुग्णांपैकी निम्मे स्वतंत्रपणे चालत होते. चालण्याची जास्तीत जास्त सुधारणा ९५ टक्के रुग्णांमध्ये पहिल्या ११ आठवड्यांत झालेली दिसली. म्हणूनच पहिले तीन महिने हातचे घालवू नयेत.

याचा अर्थ तीन महिन्यांनंतर दार बंद होते असा नाही. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना दोन महिन्यांनी, काहींना सहा महिन्यांनी दोरीने शरीर तोलून धरणाऱ्या यंत्रावर चालवले, आणि काहींकडून फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे व तोलाचे व्यायाम करून घेतले. एका वर्षानंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती. एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची पातळी वाढली होती. सहा महिन्यांनी सुरुवात केलेलेही मागे राहिले नाहीत. आपल्यासारख्या सामान्य परिस्थितीतील लोकांसाठी ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे. महागडे यंत्र नाही म्हणून आपला माणूस चालणार नाही, असे समजून कर्ज काढण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट विसरू नये. त्या घरच्या व्यायामांतही प्रशिक्षित माणूस समोर होता, प्रत्येक बैठक दीड तासाची होती आणि अशा ३६ बैठका ठरवलेल्या होत्या.

ब्रिटनमधील २०२३ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्यांना झेपेल अशा रुग्णांना चालणे, हाताचे काम, बोलणे असे सर्व धरून दिवसाला निदान तीन तास, आठवड्यातून पाच दिवस सराव द्यावा. आपल्याकडे मात्र पुष्कळांना आठवड्यातून एकदा वीस मिनिटे मिळतात. उरलेला सराव घरीच भरून काढावा लागणार हे उघड आहे.

प्रगती मोजावी कशी?

सुधारणा इतकी हळू होते की ती रोज पाहणाऱ्याला दिसत नाही आणि घरचे लोक निराश होतात. म्हणून मोजावे. सपाट जागेवर खडूने दहा मीटर अंतरावर दोन रेघा माराव्यात. सुरुवात पहिल्या रेघेच्या दोन-तीन पावले आधी करावी आणि दोन रेघांमध्ये किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. सोबत कुणी तरी आधाराला असावेच.

जॅकलिन पेरी या अमेरिकन डॉक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली अशा वेगावरून रुग्णांची ढोबळ वर्गवारी केली. दहा मीटरला २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर माणूस सहसा घरापुरताच चालू शकतो. २५ सेकंद ते साडेबारा सेकंद लागत असतील, तर गल्लीत, शेजारीपाजारी जाता येते. साडेबारा सेकंदांपेक्षा कमी लागू लागले की बाजार, एस.टी. स्टँड, कचेरी हे सर्व आवाक्यात येते. दर पंधरा दिवसांनी हा आकडा वहीत तारखेसह लिहावा. चाळीसाचे पस्तीस झाले, पस्तीसाचे तीस झाले, हे कागदावर दिसले की रुग्णाला जो हुरूप येतो तो कोणत्याही टॉनिकने येत नाही.

नुसत्या घरच्यांवर सोपवून भागेल का?

हा प्रश्न आपल्या देशापुरता फार महत्त्वाचा आहे, कारण फिजिओथेरपिस्ट शहरात आणि रुग्ण खेड्यात अशी आपली स्थिती आहे. घरच्यांनाच थोडे शिकवून घरी व्यायाम करून घेतले तर? हे तपासण्यासाठी भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ज्यांच्या घरच्यांना असे प्रशिक्षण दिले त्या गटात आणि फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात सहा महिन्यांनंतर फरक दिसला नाही. दोन्ही गटांत मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण ४७ टक्के होते.

यावरून व्यायामाचा उपयोग नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अर्थ एवढाच की, घरच्या माणसाला थोडे दिवस शिकवून सगळा भार त्याच्या डोक्यावर टाकला तर ते पुरत नाही. आधीच मजुरी बुडालेली, औषधांचा खर्च, रात्रीची जागरणे, त्यात व्यायाम बरोबर होतो की नाही हे सांगणारे कुणी नाही. बहुतेक घरांत हा भार सुनेवर किंवा बायकोवर पडतो, आणि कधी कधी शाळा-कॉलेज सोडून मुलगी घरी बसते. म्हणून घरच्यांचा हात आणि जाणकाराची नजर, दोन्ही लागतात. जाणकार रोज आला नाही तरी चालेल, पण दर आठ-पंधरा दिवसांनी त्याने पाहून पुढची पायरी सांगितली पाहिजे.

काही गैरसमज

कबुतराचे रक्त चोळल्याने लुळा पाय बरा होतो, ही समजूत अजून ऐकू येते. तिला कसलाही आधार नाही. बिघाड मेंदूत असतो, कातडीला काही चोळून तो भरून निघत नाही. नुसत्या मालिशने रुग्णाला बरे वाटते, पण पाय चालायला शिकत नाही. गरम विटेचा किंवा तव्याचा शेक तर धोक्याचा आहे, कारण कमजोर बाजूला चटका जाणवत नाही आणि कातडी भाजते. पुष्कळदा पहिल्या दोन महिन्यांत जी सुधारणा मेंदू आपणहून करत असतो तिचे श्रेय अशा उपायांना मिळते, आणि त्या भरवशावर रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या जातात. त्यातून दुसरा झटका येतो. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे, तंबाखू, मिश्री, विडी आणि दारू सोडणे, मीठ कमी करणे, हे चालण्याच्या सरावाइतकेच आवश्यक आहे.

घर आणि मन

अमेरिकेतील ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला त्यात निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरात एकदा तरी पडले होते. म्हणून घर आधी नीट करावे. सोप्यातील सतरंजी, पायपुसणी गुंडाळून ठेवावीत. ओल्या शहाबादी फरशीवर चालवू नये. उंच उंबऱ्याजवळ धरायला लोखंडी कांब बसवावी. मोरीत व संडासात भिंतीला कांब आणि बसायला भांड्याची खुर्ची असावी. उकिडवे बसणे सुरुवातीला टाळावे. रात्री मंद दिवा ठेवावा.

मनाचेही तसेच. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांना पुढे नैराश्य येते. माणूस व्यायामाला उठत नाही, जेवत नाही, सारखा रडतो. त्याला आळशी म्हणून हिणवण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे, त्यावर उपचार आहेत. त्याचे ताट, चहा, पेपर सगळे खाटेवर नेऊन देण्यापेक्षा चार पावले चालत येऊन त्याने ते घ्यावे, असे पाहावे. घरच्या निर्णयात त्याचे मत विचारावे.

आपल्या भागातील सोयी

वैद्यकीय सेवेची परंपरा आपल्या भागाला नवी नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली मिशन रुग्णालय उभारले आणि दूरदूरचे रुग्ण मिरजेस येऊ लागले. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचे. सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे शासकीय रुग्णालय, आणि कराडला १९८४ साली सुरू झालेले कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय, ज्याच्या जोडीला फिजिओथेरपीचेही महाविद्यालय आहे, ही मोठी केंद्रे आहेत. रुग्णाला घरी सोडताना नातेवाइकांनी तेथील फिजिओथेरपी विभागात जाऊन व्यायाम स्वतः करून दाखवावेत, चुका दुरुस्त करून घ्याव्यात आणि पुढची तारीख घेऊनच बाहेर पडावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, याची चौकशी दाखल होतानाच करावी.

कायमचे अपंगत्व राहिले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळते. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास अनेक सवलतींचा हक्क लागू होतो. यात कमीपणा काही नाही. हक्काची गोष्ट मागून घेतलीच पाहिजे.

आपण काय करू शकतो?

वर म्हटल्याप्रमाणे एकट्या घराला हा भार पेलत नाही. येथेच संस्थेचे काम सुरू होते. चार पायांच्या काठ्या, वॉकर, कमोड खुर्ची, चाकाची खुर्ची या वस्तू काही महिन्यांपुरत्याच लागतात. त्या संस्थेने घेऊन ठेवल्या तर एकाची गरज संपली की दुसऱ्याला देता येतात. विहाराचे सभागृह सपाट आणि प्रशस्त असते, दिवसा पुष्कळदा रिकामे असते. आठवड्यातून दोन सकाळी तेथे रुग्ण एकत्र आले, भिंतीला धरून चालले, दहा मीटरच्या रेघा मारून वेळ मोजली, आणि महिन्यातून दोनदा एखाद्या फिजिओथेरपिस्टने येऊन पाहिले, तर खर्च फारसा नाही. दुसरा आपल्यासारखाच चालायला शिकतो आहे हे पाहून रुग्णाला धीर येतो, आणि घरच्या बाईला दोन तास मोकळे मिळतात. त्याच वेळी उपस्थित सर्वांचा रक्तदाब तपासला तर पुढचे झटकेही टळतील.

विद्यार्थ्यांना एक सांगावेसे वाटते. बारावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेतलेल्यांनी डॉक्टर-इंजिनिअर यापलीकडेही पाहावे. फिजिओथेरपीचा पदवी अभ्यासक्रम साडेचार ते पाच वर्षांचा असतो. आपल्या वस्तीतून एक जरी मुलगा किंवा मुलगी हे शिकून आली, तर आसपासच्या दहा गावांतील रुग्णांची सोय होईल. आणि ज्यांना तो मार्ग घेता येणार नाही त्यांनी निदान शेजारच्या आजोबांना किंवा आत्याला रोज पंधरा मिनिटे सोबत करावी, त्यांच्या वहीत सेकंद लिहावेत.

खाटेपासून दारापर्यंतचे अंतर निरोगी माणसाला दहा पावलांचे, पण पक्षाघात झालेल्या माणसाला ते कापायला कधी कधी दोन महिने लागतात. त्या दोन महिन्यांत त्याच्या कमजोर बाजूला, अर्धे पाऊल मागे, कुणी तरी उभे असावे. ते कुणी तरी आपल्यापैकी असावे, एवढीच सर्व सभासद बंधू-भगिनींना नम्र विनंती.